भाजी निवडायची कुणी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "दहा मिनिटं बोल. विषय तुझा तू ठरव." मी म्हटलं, "भाजीवर बोलते." पलीकडं जरा शांतता पसरली. मग आवाज आला, "अगं, चौतीस वर्षांनी भेटतोय. काहीतरी प्रेरणादायी बोल ना." मी म्हटलं, "माझ्याकडं प्रेरणा नाही, भाजीच आहे. चालत असेल तर बोलते." त्यांनी चालवून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

आधी माझी ओळख करून देते, कारण लग्नानंतर आडनाव बदललं, केस पांढरे झाले आणि सकाळपासून तीन जणांनी मला दुसरीच कुणी समजून मिठी मारली. माझा जन्म १९७५ चा, परतूरचा. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि त्याच जूनमध्ये मी पहिलीत गेले. म्हणजे माझा जन्म एका जिल्ह्यातला, शाळा दुसऱ्या जिल्ह्यातली आणि घर मात्र तेच. लग्न होऊन कल्याणला गेले. गेली सव्वीस वर्षं मुंबईत एका कार्यालयात नोकरी करते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. फायली हाताळणारी बाई आहे. त्यामुळं मी सांगते ते ऐकून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत.

हा विषय का घेतला ते सांगते. आपला व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. सुरुवातीला शाळेचे जुने फोटो यायचे. मग मुलांचे निकाल, मग लग्नपत्रिका. आता काय येतं? रिपोर्ट येतात. कुणाची साखर, कुणाचा बीपी, कुणाचं कोलेस्टेरॉल. आणि त्याच्या खाली कुणीतरी पाठवलेला मेसेज असतो, की अमुक पाल्याचा रस सात दिवस घ्या आणि सगळं विसरा. आपण सगळे पन्नाशीत आलो आहोत. पाल्याचा रस पिण्यापेक्षा तो पाला रोज ताटात कसा येईल, हे बोलावं असं मला वाटलं. आणि ते मला ठेच लागल्यावर कळलं, म्हणून ती ठेच आधी सांगते.

२०१६ ची गोष्ट. कल्याण स्टेशनचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. आधी वाटलं वय झालं. मग वाटलं वजन वाढलं. एकदा मधल्या पायरीवर बसूनच राहिले आणि मागून येणाऱ्या बायका वैतागल्या. तेव्हा डॉक्टरकडं गेले. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं निदान १२ तरी पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भाजी खाता का?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "घरात रोज भाजी होते." त्या म्हणाल्या, "घरात होते हे कळलं. तुमच्या ताटात किती येते?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी सांगितलं, आठवडाभर लिहून ठेवा. मी कार्यालयातली बाई, लिहून ठेवणं माझा धंदाच. तो आठवडा तुम्हाला वाचून दाखवते, वही अजून आहे. सोमवार, बटाटा. मंगळवार, मटकी. बुधवार, पिठलं. गुरुवार, पुन्हा बटाटा. शुक्रवार, उशीर झाला म्हणून बाहेरून पावभाजी. शनिवार, खिचडी. रविवारी वांगी केली, पण पाहुणे आले आणि माझ्या वाटणीला नुसता रस्सा उरला. हिरवं पान सात दिवसांत एकदा होतं, तेही पोह्यांवरची कोथिंबीर.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी होण्याची आणखी एक-दोन कारणं निघाली, त्यांवर वेगळे उपचार झाले. भाजीनं माझं रक्त भरलं असं मी म्हणणार नाही, औषधानं भरलं. पण ते पुन्हा उतरू नये यासाठी ताट बदलणं माझ्या हातात होतं.

आणि ही एकट्या माझी गोष्ट नव्हती, हे मला नंतर कळलं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी भारतात ५७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. आज या मांडवात आपल्या वर्गातल्या एकोणीस मुली आल्या आहेत. हिशेब तुम्हीच करा.

तो आकडा वाचला तेव्हा मला आईचं ताट आठवलं. आठवलं म्हणजे काय, तिचं ताटच आठवेना. आजीचं पितळी ताट आठवतं, दादांचं काठाचं ताट आठवतं, आम्हा भावंडांच्या ताटल्या आठवतात. आई चुलीपाशी बसून आम्हाला वाढायची आणि सगळ्यांचं झालं की कढईतच भाकर कुस्करून पुसून खायची. कढईत असायचं काय? तेल आणि मसाला. भाजी आमच्या पोटात गेलेली असायची. गंमत म्हणजे ती भाजी आणलेली तिनंच, निवडलेली तिनंच आणि शिजवलेलीही तिनंच.

आता जरा परतूरच्या भाजीकडं येते. आपल्याकडं दोन वेगवेगळे शब्द होते, आठवतात का? बाजारातून आणायचं ते माळवं: वांगी, गवार, दोडकी, भेंडी, कारली. आणि शेतातून यायची ती भाजी, म्हणजे पानं. आई शेतातून येताना ओच्यात काही ना काही घेऊन यायची. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुरडू, बांधावर वेल सापडला तर कर्टुली. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे, करडईची कोवळी पानं, पाथरी, चाकवत. अंबाडी तर घरचीच. शेजारच्या काकूंनी विचारायचं, "आज काय कोरड्यास केलं?" आणि आईनं उत्तर द्यायचं, "काही नाही बाई, पालाच हाय." त्या पाल्याची आपल्याला तेव्हा लाज वाटायची. मी स्वतः डब्यात करडईची भाजी असली की झाकण अर्धं उघडून जेवायची. आज मुंबईत तीच पानं रानभाजी महोत्सवात मांडलेली बघते आणि हसू येतं.

पण त्या काळाचं फार कौतुक करायला मी इथं उभी नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं हिरवं काही मिळायचं नाही. हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी आणि सांडगे, त्यावर चैत्र-वैशाख काढायचा. दुष्काळाच्या वर्षी तेही नसायचं. नुसता ठेचा, भुरका आणि भाकर. तेव्हा भाजी सोपी होती असं नाही. पण एक गोष्ट तेव्हा सोपी होती, आणि ती कोणती हे कळायला मला कल्याणच्या लोकलमध्ये बसावं लागलं.

गोळ्या सुरू झाल्यावर मी जोमानं बाजार केला. मेथीच्या दोन जुड्या, तांदुळजा, गवार, शेवग्याच्या शेंगा, सगळं आणलं. शनिवारी फ्रीज उघडला तर मेथी पिवळी, तांदुळजा चिकट आणि गवार काळी. आठवडाभर आम्ही बटाटाच खाल्ला होता. पैसेही गेले. मग मी घड्याळ लावून बघितलं. दोन जुड्या मेथी निवडायला पस्तीस मिनिटं, धुवायला पाच मिनिटं, फोडणीपासून उतरवेपर्यंत दहा मिनिटं. मी घरी पोचते पावणेआठला. त्या वेळी कुठली बाई पस्तीस मिनिटं निवडत बसेल? ती बटाटा सोलते आणि मोकळी होते.

म्हणजे अडचण शिजवण्याची नव्हतीच, निवडण्याची होती. आपण म्हणतो, भाजी करायला वेळ नाही. भाजी करायला वेळ लागतच नाही. वेळ लागतो निवडायला, आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच माणसाचा जातो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी गवारीची पिशवी घेऊन बसले. महिलांच्या डब्यात हे काही नवीन नाही. मटार सोलणं, गवार मोडणं तिथं चालतंच. पण मी आपली सव्वीस वर्षांतली बरीचशी वर्षं खिडकीशी डोळे मिटून काढली होती. समोरच्या एक मावशी म्हणाल्या, "एकटी काय मोडत बसलीस, दे इकडं मूठभर." आणखी दोघींनी हात पुढं केला. ठाण्याला सुरू केलेली अर्धा किलो गवार डोंबिवली यायच्या आत मोडून झाली, आणि वर एकीच्या सुनेचं बाळंतपणही बोलून झालं.

आणि मग मला आमचा परतूरचा ओटा आठवला. संध्याकाळी ओट्यावर सूप मध्ये ठेवलेलं असायचं. आजी, शेजारच्या काकू, आम्ही पोरं, सगळे निवडायचो. कुणी कुणाला सांगायचं नाही. येणारी-जाणारी बाईसुद्धा टेकली की हात सुपात जायचा. आईच्या वाट्याला फक्त फोडणी यायची. त्या ओट्यामुळं दिवसभर शेतात राबून आलेली बाई आठ माणसांना पालेभाजी घालू शकत होती. आपण गाव सोडलं, फ्लॅट घेतला, मिक्सर घेतला, फ्रीज घेतला, गॅस घेतला. ओटा तेवढा सुटला. माझ्या स्वयंपाकघरात एक ओटा आहे, पण त्याच्यासमोर एकटीनं उभं राहायचं असतं.

म्हणून आता मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे: निवडण्याचं काम हलकं कसं करायचं आणि वाटायचं कसं.

पहिलं म्हणजे किती भाजी लागते ते बघू. गणिताच्या सरांची क्षमा मागून उदाहरण घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाला दिवसाला फळं आणि भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम पाहिजेत, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. घरात चार माणसं. चार गुणिले चारशे गुणिले सात. अकरा किलो दोनशे ग्रॅम. आम्ही आठवड्याला पाच किलो आणत होतो आणि त्यातला निम्मा कांदा-बटाटा होता. सर, मी नापास होते.

आपल्या स्टेशनावरून जी लाईन सिकंदराबादला जाते, त्या टोकाला हैदराबादमध्ये राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. त्यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, भाज्या, पालेभाज्या, कंदमुळं आणि फळं मिळून ताटाचा जवळपास अर्धा भाग व्हावा. आपल्या ताटात भाजीची एक वाटी असते आणि बाकी सगळं भाकर, पोळी, भात. निम्मं ताट भरायचं म्हटल्यावर मी घाबरले होते. पण हळूहळू जमलं. कसं जमलं ते सांगते.

एक. बाजाराच्या दिवशीच निवडायचं, आणि सगळ्यांनी बसून. आमच्याकडं रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर जुनी चादर अंथरतो. आमचे हे पहिल्यांदा म्हणाले, "मला नाही जमत." मी म्हटलं, "तुम्ही ऑडिटमध्ये चुकीची एंट्री शोधून काढता, मेथीतली काडी नाही शोधता येत?" पहिल्या रविवारच्या मेथीत काड्याच काड्या होत्या. आम्ही ती खाल्ली, नावं ठेवली नाहीत. आता ते माझ्यापेक्षा चांगली निवडतात. मुलगा मटार सोलतो, त्यातले निम्मे खातो. खाऊ दे, तीही भाजीच आहे. चौघांच्या हाताखाली तासाभरात आठवड्याचं काम होतं.

दोन. निवडलेली पालेभाजी धुवून ठेवायची नाही. ओलाव्यानं सडते. कोरडीच सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि करताना धुवायची. आणि आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात.

तीन. आठवड्याचा क्रम लावायचा. सोमवार-मंगळवार पालेभाजी, कारण ती थांबत नाही. बुधवार-गुरुवार भेंडी, गवार, दोडकी, वांगी. शुक्रवार-शनिवार दुधी, कोबी, गाजर, काशीफळ, बीट. ही मंडळी समंजस आहेत, आठवडाभर वाट बघतात. हा क्रम लावल्यापासून आमच्याकडची नासाडी जवळपास थांबली.

चार. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी वेगळी भाजी करायचीच नाही. वरणात घालायची. कुकरमध्ये तुरीच्या डाळीबरोबर मूठभर पालक, चुका किंवा अंबाडी, नाहीतर दुधीच्या फोडी, काशीफळाच्या फोडी, शेवग्याच्या शेंगा टाकायच्या. वरून लसणाची फोडणी. आपली आई याला पातळ भाजी म्हणायची. वरणफळं करायची असतील तर त्या वरणात दोन मुठी मेथी सहज मावते. एक भांडं, एक फोडणी, आणि मुलांना भाजी खाल्ल्याचं कळतही नाही.

पाच. धपाटे. मराठवाड्याच्या माणसाला हे मी काय सांगू! ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, हळद, मिरची-लसूण. त्यात पिठाच्या बरोबरीनं भाजी घालायची. किसलेला दुधी, चिरलेली मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, बीटसुद्धा. दुधी किसून घातला की पाणीही वेगळं लागत नाही. दह्याबरोबर डबा झाला. पोहे आणि सुशीला यांनाही तोच नियम. दोन वाट्या चुरमुऱ्यांना एक वाटी गाजर, मटार, कांदा, कोबी.

सहा. शिजवायचंच नाही. घोळाणा आठवतो ना? कोवळी मेथी नाहीतर कांद्याची पात चिरायची, त्यावर दाण्याचं कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल. दोन मिनिटांचं काम. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो पुसून ताटात ठेवायचे, किसायची, सजवायची गरज नाही. कच्चं खायचं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्यात नीट धुवून घ्या, एवढंच.

सात. पालेभाजीवर लिंबू पिळा. भाजीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा ते लोह अडवून धरतो. तास-दीड तास थांबा. हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण मी परतूरची, आम्हाला चहा लागतो.

एक धोक्याची सूचनाही देते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा ज्यांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि ते कडू रस तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

आता आपल्यातले जे शेती करतात त्यांच्याशी दोन शब्द. आपला जिल्हा बियाण्यांचा जिल्हा आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका भेंडीनं जालन्याचं नाव जगभर नेलं. आणि काल रात्री मी माझ्याच वर्गमित्राच्या घरी जेवले. सोयाबीन आणि कपाशीचं मोठं शिवार, पण घरातली भाजी बाजारातून आलेली, तीही चार दिवसांपूर्वीची. वहिनी म्हणाल्या, "पूर्वी बांधावर पाथरी, तांदुळजा मिळायचा. आता तणनाशक मारतात, काहीच उगवत नाही." जिथं फवारणी झाली आहे तिथली पानं खुडूही नका. पण विहिरीजवळ, मोरीच्या पाण्यावर, नाहीतर घरामागं एक गुंठा मोकळा ठेवा. एक शेवगा लावा. त्याच्या शेंगाही होतात आणि पाल्याचीही भाजी होते, आणि पाणीही फार लागत नाही. चार ओळी मेथी-पालक, एक दोडक्याचा वेल. विकायला नाही, घरच्यांना खायला. ज्यांच्या रानात पिकतं त्यांच्याच ताटात नसावं, हे काही बरोबर नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाजी कितीही केली तरी ती कुणाच्या ताटात जाते हे बघायला हवं. आमच्या घरी आता एक नियम आहे. सगळी ताटं एकदम वाढायची, आधी भाजी वाढायची, मग भाकर. माझं ताटही त्यातच. 'मागून बसते' हा शब्द बंद. भाजी कमी पडली तर सगळ्यांना थोडी कमी पडेल, एकटीला संपूर्ण संपणार नाही. पुढच्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ११.९ होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून पॉइंट एक हवंय." मी म्हटलं, "शाळेतही मी नेहमी एका मार्कानंच हुकायची."

दिवाळीत आईला भेटायला आले होते. आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मी करडईची भाजी केली. निवडायला माझा भाऊ बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मी आईचं ताट आधी वाढलं आणि तिला म्हटलं, तू सुरू कर. ती बसेना. "पोरांना वाढ आधी, मला काय घाई हाय." शेवटी बसली. पण हात जाईना. सारखी कढईकडं बघत होती, उरली का म्हणून. मी कढई आणून तिच्यापुढं ठेवली, "बघ, भरपूर आहे." तेव्हा तिनं पहिला घास घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "करडई गोड असते गं. मला वाटायचं कडू असते." चाळीस-पन्नास वर्षं त्या बाईनं करडई रांधली होती. तिला कढईच्या तळाची, करपलेली तेवढी चव माहीत होती.

मित्रांनो, मी मुद्दाम 'मित्रांनो' म्हणते आहे, मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही. उद्या तुम्ही आपापल्या गावी परत जाल. येत्या बाजाराच्या दिवशी एक मेथीची जुडी हातात घेऊन टीव्हीसमोर बसा. बायकोनं सांगायची वाट बघू नका. काड्या राहिल्या तर राहू द्या. आणि रात्री जेवताना घरातली कोण शेवटी बसते आणि तेव्हा भाजीच्या भांड्यात काय असतं, एवढं एकदा वाकून बघा.

आता पंगत बसणार आहे. आपल्या शाळेतल्या मावशी सकाळपासून आचाऱ्यांच्या हाताखाली भाजी निवडत होत्या. मी आणि आमच्या वर्गातल्या चौघी तासभर त्यांच्याजवळ जाऊन बसलो होतो, म्हणून सकाळच्या फोटोत आम्ही नाही. माझी संयोजकांना विनंती आहे, आज पहिल्या पंगतीला आपले गुरुजन आणि त्यांच्या शेजारी या मावशी बसाव्यात. वाढायला १९९१ ची बॅच आहे.